कुंभारिणीची साक्ष

१

आल्सीद नाकँ वारला तो जूनमधल्या एका मंगळवारी, लख्ख दुपारी. घराशेजारच्या चौथऱ्यावर बारा वर्षं इमानेइतबारे राखण करणारा जनरेटर ऐनवेळी सुरू झाला नाही म्हणून वारला. याबद्दल बायू सेलेस्त या संथ खाडीच्या काठावर कुणाचं दुमत नव्हतं. जनरेटर का सुरू झाला नाही, याबद्दलही फारसं नव्हतं. हिएप त्रानने हलगर्जीपणा केला, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं.

हकिगत थोडक्यात अशी. आल्सीद गेली चार वर्षं ऑक्सिजनच्या यंत्रावर जगत होता. त्या दिवशी पावणेचारच्या सुमाराला कुठेतरी वीज कोसळली आणि साऱ्या काठाचे दिवे गेले. त्याची बायको ओडील वीस मैलांवर बाजाराला गेली होती. दिवे गेले की दहाव्या सेकंदाला जनरेटरने आपणहून सुरू व्हायचं, तो झाला नाही. ऑक्सिजनच्या यंत्राने बोंब ठोकलीच असणार, पण दुपारी झोपताना आल्सीद कानातली यंत्रं काढून ठेवत असे. त्याला जाग आली तेव्हा उशीर झाला होता. जादाचा सिलिंडर पलीकडच्या खोलीत होता. ओडील साडेपाचला परतली तेव्हा तो तिला मधल्या बोळात सापडला, सिलिंडरपासून सहा पावलांवर. तोवर वीज परत आली होती आणि डोक्यावर पंखा फिरत होता.

नोलन एबेरला रेनेलाने बोलावलं ते यानंतर तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी. नोलन बहात्तर वर्षांचा. चाळीस वर्षं वीज कंपनीत खांबांवर चढलेला लाइनमन आणि आल्सीदचा शाळेपासूनचा सोबती. आल्सीदच्या या एकुलत्या एका मुलीचा तो 'पराँ', म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातावर घेऊन उभा राहिलेला धर्मपिता. इकडे हे नातं मामा-काकांच्या एक बोट वरचं मानतात.

रेनेला शाळेत मुख्याध्यापिका होती आणि घरीही तशीच बोलायची. शुक्रवारी परवाना मंडळापुढे सुनावणी आहे, तक्रार मी केलीय, हिएपचा परवाना रद्द झालाच पाहिजे, असं तिने सांगितलं. एप्रिलमध्ये मशीनची देखभाल करताना त्याने बटण 'बंद'वर टाकलं आणि तसंच विसरून गेला. डॅडी गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्याला बोलावलं, तर पठ्ठ्याने येऊन एक बटण दाबलं आणि मशीन धडधडीत सुरू झालं. मग आदल्या दिवशी काय धाड भरली होती? तिला हवा होता तो यंत्रातल्या जाणत्या माणसाचा लेखी जबाब.

"तुमच्या शब्दाला मंडळ मान देईल, पराँ," ती म्हणाली. "तुम्ही शोधा आणि लिहा. नाव मात्र ठळक अक्षरात लिहा. माझ्या बापाला कुणी मारलं ते वाचायला कुणाला चष्मा लागता कामा नये."

नोलन म्हणाला की जे सापडेल तेच लिहीन. हिएपचं सापडलं नाही तर त्याचं लिहिणार नाही.

"सापडेल," रेनेला म्हणाली.

ओडील ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिच्यामागे दाराला तिचा चर्चला घालायचा निळा झगा इस्त्री करून लटकवलेला होता. ती न वळताच म्हणाली, "राहू दे ना, नोलन. शुक्रवारी काय बोलायचं ते मी बोलेन."

ओडील चारचौघांत कधी तोंड उघडत नसे. नोलनला हे जरा नवल वाटलं, पण नवऱ्याच्या दुःखात माणूस काहीही बोलतं, असं म्हणून तो खाली उतरला.

२

इकडची घरं पुराच्या भीतीने दहा-दहा फूट खांबांवर उभी असतात आणि जनरेटरही आपापल्या चौथऱ्यावर. नोलनने झाकण उघडलं. बटण 'आपोआप'वर होतं. पण ते आता होतं. त्या मंगळवारी कुठे होतं, हा प्रश्न होता.

अशा यंत्रांना एक चांगली खोड असते. ती आपली रोजनिशी ठेवतात आणि ती कुणाला सहजी पुसता येत नाही. नोलनने चष्मा नाकावर ओढून छोट्या पडद्यावरच्या जुन्या नोंदी एकेक मागे नेल्या. बुधवार सकाळ, हाताने सुरू केला. त्याच्या आधी मंगळवार, तीन वाजून सत्तेचाळीस मिनिटं: सुरू होण्याचे पाच प्रयत्न, पाचही वाया. त्यानंतर यंत्राने लाल दिवा लावून नाद सोडला होता.

नोलन चौथऱ्याच्या कडेवर टेकला. बटण बंद असतं तर यंत्राने एकही प्रयत्न केला नसता. बंद म्हणजे बंद, ते झोपलेलंच राहिलं असतं. हे तर पाचदा धडपडलं होतं. म्हणजे बटण जागेवर होतं, वीज गेल्याचं त्याला कळलं होतं, आणि इंजीन फिरवायला बॅटरीत जीवही होता. इंजीन फिरलं, पण पेटलं नाही.

रेनेलाचा आरोप इथेच कोसळला होता. तिला वर जाऊन तसं सांगितलं तर तिने ओठ घट्ट मिटले आणि विचारलं, मग या दोन नोंदींच्या आधीची नोंद कधीची? नोलन पुन्हा खाली आला. हे यंत्र दर गुरुवारी संध्याकाळी सहाला बारा मिनिटं आपणहून चालून स्वतःची परीक्षा घेत असे. तशी नोंद आठवड्या-आठवड्याला असायला हवी होती.

शेवटची नोंद ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या सोमवारची होती, हिएपच्या देखभालीच्या दिवसाची. पुढे थेट तो मंगळवार. मधले दोन महिने यंत्राने एकदाही परीक्षा दिली नव्हती, कारण ती परीक्षाच कुणीतरी रद्द करून ठेवली होती.

३

हिएप त्रानची शेड धक्क्याला लागून होती. त्याचा बाप सायगाव सोडून इथे कोळंबीच्या बोटीवर आला, आणि पोराने बोटीची इंजिनं करता करता जनरेटरचा परवाना काढला. काठावरची सव्वाशे घरं त्याच्या भरवशावर वादळाचे महिने काढत. त्यातल्या एकतीस घरांनी गेल्या तीन आठवड्यांत फोन करून दुसरा माणूस पाहतो म्हणून कळवलं होतं. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. भिंतीवरच्या यादीत खोडलेली नावं नोलनला दिसतच होती.

शेडबाहेर मोठ्या शेगडीवर खेकडे उकळत होते. शेजारी अॅल्युमिनियमच्या कागदाने झाकलेलं एक पातेलं होतं आणि ते नोलनने ओळखलं. ओडीलचं.

"मिस ओडील दर दोन दिवसांनी काहीतरी पाठवतात," हिएप म्हणाला. "त्यांची मुलगी माझा परवाना घेतेय आणि त्या मला गम्बोचं कालवण पाठवतायत. खाऊ की नको तेच कळत नाही. पण चांगलं असतं, म्हणून खातो."

साप्ताहिक परीक्षा त्याने लपवली नाही. ती मीच बंद केली, मिस ओडीलनी सांगितलं म्हणून, असं तो म्हणाला. दर गुरुवारी सहाला त्यांच्याकडे बायका रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायला जमतात, मिस्टर आल्सीदसाठीच, आणि नेमक्या त्याच वेळी मशीन खाली भुंकायला लागतं. त्या म्हणाल्या की निदान उपवासाचे दिवस संपेपर्यंत तरी गप्प ठेव. ईस्टरनंतर फोन करते म्हणाल्या. फोन आला नाही, आणि मे महिन्यात कोळंबीचा हंगाम सुरू झाल्यावर आपणही विसरलो.

"ते माझं चुकलं," हिएप म्हणाला. "ते मी मंडळापुढेही सांगणार. पण परीक्षा घेतली नाही म्हणून कुणी आजारी पडत नाही, मिस्टर नोलन. आजार फक्त कळत नाही."

हे नोलनला पटलं. दोन महिन्यांत मशीनला काहीतरी झालं होतं आणि ते कुणाला कळलं नव्हतं. काय झालं होतं, ते हिएपलाही सांगता येईना. त्या बुधवारी सकाळी मशीन उठलं ते मात्र थोडं ठसकत उठलं, असं त्याला आठवत होतं. चारपाच सेकंद खोकलं आणि मग सुरळीत चाललं. एप्रिलमध्ये तर ते पहिल्या हाकेला उठलं होतं, आणि गुड फ्रायडेला त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हाही त्याच्या आजूबाजूला सगळं ठीक दिसत होतं.

"खोकलं," नोलन म्हणाला.

"नळी नवीन जोडल्यावर कसं करतं, तसं."

नोलनने ते वहीत टिपलं. निघताना शेगडीपाशी थांबून वाकला, सिलिंडरचा कॉक फिरवून बंद केला आणि वर एक थाप मारली. त्याच्या तरुणपणी त्याच्या चुलतभावाची बोट गॅस सुटून पेटली होती. तेव्हापासून शेगडीपासून उठताना गॅस मुळाशी बंद करणं हे त्याचं श्वास घेण्यासारखं झालं होतं.

"अजून दोन टोपल्या उकळायच्यात," हिएप मागून म्हणाला.

नोलनने हसून तो पुन्हा उघडून दिला.

४

घरात यंत्राला हात लावणारा आणखी एकच माणूस होता, रेनेलाचा नवरा टेरल. तो दिसायला रेड्यासारखा आणि बायकोपुढे शेळी. त्याला खाली बोलावल्याबरोबर तो घामाघूम झाला, आणि जून महिना असला तरी घाम जरा जास्तच होता.

बॅटरीच्या टोकांवर निळसर ग्रीस लागलेलं नोलनने पाहिलं होतं. हिएप ते वापरत नाही. बोटवाले वापरतात, खाऱ्या पाण्यासाठी. त्याने टेरलला एवढंच विचारलं की तुझ्या बोटीची बॅटरी कधी बसली.

टेरलने आधी बायूकडे पाहिलं, मग वर जिन्याकडे. मे महिन्यात, कोळंबीच्या पहिल्या आठवड्यात, असं तो कुजबुजला. जनरेटरची काढून नेली होती, फक्त दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सासरे डुलक्या घेत असताना परत बसवली. तेव्हापासून, आणि विशेषतः त्या मंगळवारपासून, त्याला झोप नव्हती.

"मी मारलं का त्यांना, नोलन? खरं सांगा. रेनेलाला सांगायचं तर मी सांगेन, पण आधी मला कळू दे."

एवढा मोठा माणूस डोळे पुसत उभा राहिलेला पाहून नोलनला कणव आली. त्याने टेरलला रोजनिशी दाखवली. पाच प्रयत्न, प्रत्येक पुरेपूर लांबीचा. बॅटरी मेली असती तर दुसऱ्याच प्रयत्नाला इंजिनाने मान टाकली असती. तुझी बॅटरी ठणठणीत होती, असं त्याने सांगितलं. बायकोला मात्र सांगून टाक, कारण ती शोधून काढेलच.

टेरल गेला आणि नोलन एकटा उरला. बटण जागेवर, बॅटरी जिवंत. इंजीन फिरतं पण पेटत नाही, आणि दुसऱ्या दिवशी खोकून पेटतं. आता एकच गोष्ट उरत होती. त्या मंगळवारी मशीनला गॅस मिळाला नव्हता. मागच्या अंगणातली टाकी तर अर्ध्याहून जास्त भरलेली होती. घरातली चूल विजेची असल्यामुळे त्या टाकीवर रोजचं दुसरं कुणी जेवतही नव्हतं.

त्याने टाकीपासून पाइपाचा माग काढायला सुरुवात केली.

५

आल्सीद हा चिकट नव्हता, पण आपल्या अंगणात एवढी मोठी गॅसची टाकी असताना शेगडीसाठी वेगळा सिलिंडर आणायचा हे त्याला कधी रुचलं नव्हतं. म्हणून त्याने जनरेटरच्याच पाइपाला फाटा काढून घराखाली शेगडीसाठी एक तोटी केली होती. टाकीकडून पाइप येई, चौथऱ्याच्या पायाशी पिवळ्या दांडीचा एक कॉक, आणि त्याच्या पुढे दोन वाटा: एक जनरेटरला, दुसरी शेगडीच्या तोटीला. दांडी पाइपाच्या रेषेत असली की गॅस चालू, आडवी असली की दोन्हीकडे बंद.

दांडी पाइपाच्या रेषेत होती, म्हणजे चालू. नोलन निराश होऊन उठणार होता. पण चाळीस वर्षं खांबांवरच्या पेट्या साफ केलेल्या माणसाची नजर चिखलावर गेली.

इकडे कुंभारीण माशी कशाकशात घर करते याला धरबंध नाही. मीटरात, बुटात, चर्चच्या ध्वनिक्षेपकात. इथे तिने कॉकवर केलं होतं. अर्धं घर दांडीच्या टोकाला चिकटलेलं होतं आणि अर्धं शेजारच्या लोखंडी पट्टीला. मधून ते सरळ मोडलेलं होतं. एकच घर एकमेकांपासून वीतभर लांब असलेल्या दोन जागी कसं काय बांधलं गेलं?

नोलनने दांडी धरली आणि हळूहळू फिरवली. आडवी होताच ती पट्टीला टेकली आणि चिखलाचे दोन्ही तुकडे एकमेकांना असे बसले की फट दिसेना.

तो गुडघ्यांवर बसून राहिला. कुंभारिणीने हे घर बांधलं तेव्हा दांडी आडवी होती, म्हणजे गॅस बंद होता. त्याने मोडलेल्या खोलीत डोकावून पाहिलं. आत मेलेली अळी नव्हती, नुसतं वाळकं साल होतं, आणि भिंतीला पिल्लू बाहेर पडल्याचं गोल भोक होतं. म्हणजे घर बांधलं, अंडं घातलं, पिल्लू वाढलं, उडून गेलं, आणि त्यानंतर कधीतरी ते मोडलं. त्याला महिना तरी लागतो. त्या मंगळवारी दुपारी कुणी चोरपावलांनी येऊन कॉक फिरवला नव्हता. तो कित्येक आठवडे बंदच होता, आणि मंगळवार संध्याकाळ ते बुधवार सकाळ यांच्या दरम्यान कुणीतरी गुपचूप उघडला होता.

आता बंद कधी झाला? देखभालीच्या सोमवारी मशीन पहिल्या हाकेला उठलं, म्हणजे तेव्हा चालू होता. मे महिन्यात कुंभारिणीने घर बांधलं, तेव्हा बंद. मधल्या दिवसांत या गॅसला कुणाचा हात लागला?

एकाच दिवशी लागला होता, गुड फ्रायडेला. त्या दिवशी मांस वर्ज्य, म्हणून काठावर घरोघरी क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले झिंगे, उकडतात आणि एकादशी दुप्पट खाशी या न्यायाने माणशी चार-चार शेर फस्त करतात. आल्सीदकडे तीसेक माणसं होती. शेगडी दुपारभर धडधडत होती. नोलनने वही उघडली आणि शेवटी शेगडीपाशी कोण कोण होतं त्यांची नावं लिहायला घेतली. टेरलने पाणी ओतलं. हिएपने भांडं घासलं. टेबलावरचे कागद बायकांनी गुंडाळले. आल्सीद जिन्याखाली खुर्चीत नळी लावून बसला होता आणि त्याने तिथूनच विचारलं होतं, गॅस?

कुणीतरी म्हणालं होतं, झाला बंद.

पेन्सिल कागदावर थांबली. तो आवाज नोलनला नीट आठवत होता, आणि त्यावर आल्सीद जे म्हणाला तेही. "तू असलास की मला बघायला लागत नाही, नोलन."

६

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन दिवस नोलन ज्या हाताला शोधत होता त्याच हाताने तो वही धरून बसला होता.

शेगडीची तोटी बंद करायची तेवढं पुरे होतं. तो कॉक जनरेटरचाही आहे हे त्याला स्वतःच्या स्वयंपाकघराइतकं ठाऊक होतं. पण हाताला ठाऊक नव्हतं. हाताला एवढंच कळायचं की शेगडीपासून उठलं की गॅस मुळाशी बंद करावा. त्याने तो केला असणार, वर थाप मारली असणार, आणि पुढच्या गुरुवारची परीक्षा झाली असती तर सहा वाजून एक मिनिटाला लाल दिवा लागून सगळं उघडं पडलं असतं. परीक्षा रोझरीसाठी बंद होती. प्रार्थना आणि सावधगिरी या दोन चांगल्या गोष्टींनी मिळून आल्सीदला गाठलं होतं.

तो जिना चढून वर गेला. बुधवारची संध्याकाळ होती आणि ओडील एकटी भेंड्या चिरत होती. त्याने उभ्याउभ्याच विचारलं, कॉक तू उघडलास?

तिने सुरी खाली ठेवली. नाकारलं नाही. त्याला न्यायला आले ते गेल्यावर मी खाली गेले, ती म्हणाली. लाल दिवा दिसला. आल्सीदने शिकवलं होतं की लाल दिवा लागला तर आधी कॉक बघ. दांडी आडवी होती. मला ती तशी बघवेना, म्हणून फिरवली. चिखल मोडून हातावर पडला.

"आणि तो आडवा कुणी केला?"

ओडीलने खिडकीकडे मान वळवली. "गुड फ्रायडेला मी या खिडकीत उभी होते. तू वाकलास, उठलास, थाप मारलीस. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. त्या संध्याकाळी दांडी बघितली आणि वाटलं."

नोलन खुर्चीवर बसला. त्याने विचारलं की मग तीन आठवडे गप्प का बसलीस, हिएपचं वाटोळं होत असताना. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे तुला चाललं कसं.

"चालणार नव्हतं," ती म्हणाली आणि दारावरच्या निळ्या झग्याकडे बोट दाखवलं. "शुक्रवारी सांगणार होते की कॉक मी बंद केला. म्हातारी बाई, काही समजत नाही, फिरवून बसली. माझा कुठला परवाना काढून घेणार? परीक्षा तर मीच बंद करायला लावली होती, म्हणजे अर्धं खरंच झालं असतं."

"देवाची शपथ घेऊन?"

"त्याचं मी आणि देव बघून घेतलं असतं. आल्सीद तर गेला, नोलन. त्याच्यामागे तुलाही घालवायचं? साठ वर्षं तुम्ही एका ताटात जेवलात."

नोलनला रडू आलं. नवरा गेल्यापासून ओडील रडली नव्हती, तीही त्याच्याबरोबर रडली. मग तिने डोळे पुसून भेंड्या पुढे चिरायला घेतल्या आणि विचारलं की आता तू काय करणार.

ओडीलच्या म्हणण्याप्रमाणे केलं तर कुणाचंच नुकसान नव्हतं. हिएप सुटत होता, नोलन सुटत होता, रेनेलाला तिचा पराँ राहत होता. हा विचार त्याने घरी जाऊन बराच वेळ केला, आणि मग कागद घेतला.

७

गुरुवारी पाच वाजता त्याने सगळ्यांना ओडीलच्या स्वयंपाकघरात बसवलं. हिएप दाराशीच उभा राहिला, कारण रेनेलाने त्याला बस म्हटलं नाही. टेरल बायकोपासून जरा लांब बसला होता. बॅटरीचं त्याने सांगितलेलं दिसत होतं.

नोलनने मोडक्या घराचे दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले आणि क्रमाने सांगत गेला. बटण का नाही, बॅटरी का नाही. टाकी भरलेली असताना गॅस का पोचला नाही. दोन्ही तुकडे त्याने जुळवून दाखवले, वाळकं सालही दाखवलं. हिएप तुकड्यांवर वाकला आणि म्हणाला की तरीच सकाळी खोकत उठलं, नळीत हवा होती.

रेनेला शिक्षिकेसारखी टेबलावर बोटाने ठोकत होती. "म्हणजे गुड फ्रायडेला कुणीतरी बंद केला. तीस माणसं होती. कुणी, ते सांगा."

ओडील उठून उभी राहिली. "मी..."

"बस, ओडील," नोलन म्हणाला आणि कागद रेनेलापुढे सरकवला.

दोन परिच्छेद हिएपच्या निर्दोषपणाचे होते. खाली, तिने सांगितलं होतं तसं, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या ठळक अक्षरांत नाव होतं: नोलन एबेर.

रेनेलाने ते वाचलं. पुन्हा वाचलं. तिचं बोट थांबलं.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"काल."

"लपवता आलं असतं."

"आलं असतं," नोलन म्हणाला. "पण तू नाव ठळक लिहायला सांगितलं होतंस."

तिने कागदाची नीट घडी केली, पर्समध्ये ठेवली, हिएपकडे वळली आणि सांगितलं की तक्रार मी उद्या मागे घेते, आणि ज्यांनी ज्यांनी तुझं नाव खोडलं त्यांना हा कागद मी स्वतः दाखवते. माफ कर असं तिला म्हणायचं होतं, पण त्याऐवजी तिने खुर्ची ओढून बस म्हटलं. मग ती बाहेरच्या ओसरीवर निघून गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

आपण आता निघावं असं नोलनला वाटलं. तो जिना उतरत होता तेवढ्यात ओडीलने वरून हिएपला सांगितलेलं त्याला ऐकू आलं. ते आठवड्याचं परत लाव. गुरुवारी सहा. रोझरीच्या वेळेलाच.

हिएप खाली आला, त्याने झाकण उघडून तेवढं काम केलं आणि नोलनच्या खांद्याला हात लावून वर गेला. शेजारपाजारच्या बायका माळा घेऊन जिना चढू लागल्या. नोलनने प्रत्येकीला मान लववली. यातल्या प्रत्येकीला उद्यापर्यंत कळलेलं असेल, हे त्याला माहीत होतं.

सहाच्या ठोक्याला यंत्राने एक घोट घेतला आणि ते एका दमात सुरू झालं. खिडक्या थरथरल्या. वर 'नमो मारिया' सुरू झालेलं होतं ते क्षणभर अडखळलं, आणि मग बायकांनी आवाज चढवून ते यंत्राच्या वरून पुढे नेलं. नोलन चौथऱ्याशी उभा राहून पूर्ण बारा मिनिटं ऐकत राहिला. दिवा हिरवा होता.

यंत्र थांबलं तेव्हा रेनेला जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होती. डोळे सुजलेले होते.

"मला अजून तुमच्याकडे बघवत नाहीये, पराँ," ती म्हणाली. "बरेच दिवस बघवणार नाही. पण वर या. तिसरी माळ डॅडी म्हणायचे, ती म्हणायला कुणी नाहीये."

नोलनने कॉककडे पाहिलं. पिवळी दांडी पाइपाच्या रेषेत होती. त्याने उजवा हात खिशात घातला आणि डाव्या हाताने कठडा धरून पायऱ्या चढू लागला.